मोट नसलेली धाव

चैत्रात आमच्या सोसायटीच्या कुंपणाबाहेरचा लिंब फुलतो आणि त्याचा कडवट गोड वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येतो. सुनेला तो फार आवडतो. खिडकी उघडून ती म्हणते, "आई, बघा ना किती छान वास!" मी बघते. म्हणजे नाक वास घेतं, बाकीचं अंग जिथल्या तिथं. मला त्याचं काही होत नाही. असं का, याचा विचार मी अलीकडे करायला लागले आहे, कारण विचार करायला आता वेळच वेळ आहे. श्रीरामपुरात मुलाच्या घरी राहते. भांड्यांना बाई, फरशीला बाई, कपड्यांना मशीन. मी नुसती जागेवरून उठायला लागले तरी घरातून दोन-तीन आवाज एकदम येतात, "तुम्ही बसा! काय पाहिजे सांगा!" काय पाहिजे ते मलाच माहीत नसतं, मग मी परत बसते.

बसून बसून गुडघे धरले. साखर वाढली. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची, गोड बोलते. म्हणाली, "आजी, रोज सकाळी चालायचं. व्यायाम समजून चालायचं." आता घ्या! बसवायचंही यांनीच आणि उठवायचंही यांनीच. मुलाने त्याच संध्याकाळी पांढरे बूट आणले. पातळाखाली ते बूट घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा नात हसून हसून लोळायची बाकी होती. मीही हसले. हसायला काय जातंय.

व्यायाम हा शब्द आमच्या गावात तालमीतल्या पोरांसाठी होता. दूध पिऊन जोर काढायचे आणि संध्याकाळी मांड्या थोपटत फिरायचे. म्हाताऱ्या माणसांनी व्यायाम केला असं मी ऐकलं नाही, पाहिलं नाही. नुसतं चालायचं म्हणून कोणी चालतच नव्हतं. गावातली भागूआजी दिवसभर शेरडांमागे असायची, पण तिला कोणी विचारलं असतं, "किती चाललीस?" तर ती म्हणाली असती, "मी कुठं चालले, शेरडं चालली." कामाच्या मागून पाय जायचे. सरपणाच्या मागून, गोवऱ्यांच्या मागून, पाण्याच्या मागून. पायांना वेगळं कोणी मोजत नव्हतं, सांभाळतही नव्हतं.

आमचं गाव नेवासं तालुक्यात, घोडेगावच्या बाजाराला चालत जाता येईल इतक्या अंतरावर. नवी नवरी म्हणून मी तिथं आले तेव्हा घरात माणसं दोनच, माझे मालक आणि त्यांचे वडील. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. त्यांचं नाव बाबूराव, पण सुनेच्या तोंडी ते नाव कसलं येतंय. मामा अंगणात यायच्या आधी खाकरायचे. खाकरण्याचा आवाज आला की मी पदर कपाळाच्या खाली ओढून भिंतीकडे तोंड करायची. भाकरी वाढायची तीही खाली मान घालून. त्यामुळे कितीतरी दिवस मला मामा म्हणजे फक्त पाय माहीत होते. लांब, काळे, टाचांना भेगा पडलेले, अंगठा बाजूला निघालेला. वहाणा कातडीच्या, गावातच शिवलेल्या, आणि चालताना त्यांचा करकर आवाज यायचा. गर्दीत हजार पाय असते तरी मी मामांचे पाय ओळखले असते. तोंड मात्र ओळखलं असतं की नाही, शंकाच आहे.

हे पाय दिवसभर एकाच जागी असायचे, विहिरीच्या धावेवर. आताच्या पोरांना धाव सांगावी लागते. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी ती बैलांची वाट. कातड्याची मोट दोराने विहिरीत सोडायची. बैल उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, पाणी पाटात पडतं. मग बैलांना तोंड न वळवता मागे मागे चढवत वर आणायचं, की मोट परत विहिरीत. उतरताना सरळ, चढताना उलटं. मामा बैलांबरोबर तसेच खाली जायचे आणि तसेच पाठमोरे वर यायचे, हातात कासरा धरून. एका हाताने तंबाखू चोळत उलटे चढायचे, वाटेतला दगड न बघता चुकवायचे. सकाळच्या न्याहारीपर्यंत असं चालायचं, परत ऊन कललं की दिवेलागणीपर्यंत. बैलांशी ते बोलायचे. माणसांशी फारसं बोलत नसत, पण बैलांशी बोलणं चालूच. "चल बाळ, चल. पाय उचल. हां, असं." बैलांची नावं कोशा आणि मन्या, पण लाडात आले की दोघांनाही ते बाळच म्हणायचे.

त्या वर्षाला सगळे बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. पण खरा चटका बसला तो पुढच्या उन्हाळ्यात. आधीचे पावसाळे रुसलेलेच होते, त्या साली तर आभाळाने तोंडच फिरवलं. दिवाळीत मोट निम्मी भरून यायला लागली. मग चिखल यायला लागला. पौषात एक दिवस मोट वर आली ती रिकामी, आणि तळाला घासल्याचा आवाज आला. मामांनी ती सोडवली, खांद्यावर टाकली आणि घरी आणून गोठ्याच्या आढ्याला टांगली. वाळून ती हळूहळू आक्रसत गेली.

कडबा संपला तेव्हा बैल घोडेगावच्या बाजाराला निघाले. मालक म्हणाले, मी जातो. मामा म्हणाले, "न्हाई. माझ्या पायांनी नेतो." पहाटे गेले. संध्याकाळी परत आले ते दोन्ही कासरे खांद्यावर घेऊन. आमच्याकडे जनावर विकलं तरी दोर देत नाहीत. दोर दिला की दावणीची लक्ष्मी गेली असं मानतात. ते कासरे मामांनी खुंटीला अडकवले आणि हातपाय धुवायला वाटीभर पाणी मागितलं. तेवढंच होतं. मी वाटी पुढे केली आणि त्यांच्या पायांकडे पाहिलं. धुळीने ते पांढरेफटक झाले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या दिवसांत वाईट वाटण्यासाठी आत जे काही लागतं तेच सुकून गेलं होतं. मुंग्या आलेला पाय जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा उठले. गोठ्यात गेले. झाडायला काही नव्हतं तरी गोठा झाडला. मग खुंटीवरचा एक कासरा घेतला आणि विहिरीकडे गेले. मी पाण्याला निघाले होते, खडकातल्या झऱ्यावर नंबर लावायला. जाताना दिसलं, मामा धावेवरून खाली चालत जात आहेत. खाली थांबले. मग पाठमोरे, सावकाश, वर. परत खाली. बैल नाहीत, मोट नाही, विहिरीत पाण्याचा टिपूस नाही. हातात तेवढा कासरा. मी तशीच पुढे गेले. नंबर गेला असता.

गावाला कळायला कितीसा वेळ लागतो! "बाबूरावाचं डोस्कं फिरलं" असं पारावर बोलणं सुरू झालं. माझ्या मालकांना ते फार लागलं. ते तापट नव्हते, पण बापाची चेष्टा झालेली त्यांना सोसायची नाही. रात्रीच्या भाकरीला म्हणाले, "आबा, कशापायी जाता तिथं? लोक हसत्यात." मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी, घशाखाली उतरता उतरायची नाही. म्हणाले, "पाय वळवळत्यात. घरात बसलो की अंग जड हुतं." मालक म्हणाले, "म्हातारपणी बसायचंच आसतंय आबा." मामा म्हणाले, "व्हय, आसतंय." आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

आणि बसलेल्यांचं काय होतंय ते आम्ही डोळ्यांनी बघतच होतो. भागूआजीची शेरडं विकली, त्या दिवसापासून ती उंबऱ्याला टेकून बसली. आजारी नव्हती. ताप नाही, खोकला नाही. जेवायला दिलं तर जेवायची, नाही दिलं तर मागायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "मला काय हुयाचंय, मी आपली बसल्ये." पंधरवड्यात तिचे पाय लाकडासारखे झाले. पाडव्याच्या आधी ती त्या उंबऱ्यावरून उठली ती चौघांच्या खांद्यावरच. तिची सून रडली. बाकीच्या आम्ही नदीवर जाऊन आलो आणि परत पाण्याच्या नंबराला उभ्या राहिलो. कोण गेलं, कोण राहिलं, याचा हिशेब मनात शिरतच नव्हता.

गावाच्या वरच्या अंगाला सरकारने पाझर तलावाचं दुष्काळी काम काढलं, तेव्हा मालक खोदाईला लागले आणि मी पाट्या वाहायला. मामा धावेवर एकटे नकोत म्हणून मालकांनी त्यांनाही बरोबर घेतलं. वाटलं होतं काहीतरी हलकं काम देतील. मुकादम सुप्याकडचा, चांगला माणूस. त्याने मामांना नमस्कार केला आणि म्हणाला, "म्हातारबाबा, तुमी कशाला त्रास घेता? सावलीला बसा निवांत." मान देऊनच म्हणाला तो. बाभळीखाली म्हाताऱ्या बायका तान्ही पोरं सांभाळत होत्या, झोळ्या हलवत होत्या. त्यांना निदान झोळ्या होत्या. मामा बाजूला जाऊन बसले.

दिवसभर बसले. संध्याकाळी काम सुटलं आणि सगळे उठले तेव्हा मामांना उठता येईना. हात टेकून पाहिलं, गुडघा धरून पाहिलं. चाँदभाई पुढे झाले म्हणून बरं. चाँदभाई गावातले पिंजारी, मामांचे लहानपणापासूनचे सोबती. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या पिंजत हिंडायचं त्यांचं आयुष्य. त्या वर्षी कोणाच्या गादीला कापूस नव्हता. ते तलावावर यायचे पण बसायचे नाहीत. काठीवर रेलून दिवसभर उभे. कोणी म्हटलं, "चाँदभाई, टेका की," तर म्हणायचे, "टेकलो तर मला उठवायला सरकारला दुसरं काम काढावं लागंल." त्यांनी मामांना हात दिला, उभं केलं. मामांचे पाय थरथरत होते. मी ते पाहिलं. एका दिवसात. धावेवर आयुष्य काढलेले ते पाय एका दिवसाच्या बसण्याने भागूआजीचे झाले होते. चाँदभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, ह्याला बसवू नका. बसला तर हा गेला." मला ते समजलं. अंगात दुसरं काही जागं नव्हतं, पण एवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी मामा तलावावर आले ते कासरा घेऊनच. आम्ही बायका खड्ड्यातून मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढायचो, वर ओतायचो, रिकामी पाटी घेऊन उतरायचो. त्या चढणीच्या कडेला मामा उभे राहिले. जरा वेळ पाहिलं. मग उतारावरून खाली चालत आले, खाली थांबले, आणि पाठमोरे वर चढायला लागले. सावकाश, कासरा हातात, धावेवर चढायचे तसे. बायका पदरात तोंड घालून हसल्या. पुरुष उघड हसले. मालक खोदता खोदता थांबले आणि त्यांनी मान खाली घातली. मुकादमाने हाक मारली, "म्हातारबाबा, पडाल!" मामा म्हणाले, "न्हाई पडायचो. तुमचं काम चालू द्या."

दोन-चार दिवसांत हसणं आपोआप बंद झालं. हसायलाही ताकद लागते. चाँदभाई तेवढे चेष्टा करायचे. काठीवर रेलून ओरडायचे, "काय बाबूराव, मोट चालू का?"

"चालू हाय."

"पानी कुठवर गेलं?"

"पोचंल की. पाटाला भेगा पडल्यात, वाटंतच पित्यात."

हे दोघे म्हातारे शहाणे होते. कोणाचं डोकं फिरलेलं नव्हतं. पाण्याची मोट चालू नाही हे मामांइतकं कोणाला माहीत असणार?

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडत नाही. मी पाटी घेऊन चढायला लागले की मामा माझ्या पुढे असायचे. पण ते पाठमोरे चढत होते, म्हणजे त्यांचं तोंड माझ्याकडे. डोक्यावर पाटी, दोन्ही हात पाटीला. पदर ओढायला हात नाही, मान खाली घालावी तर पाटी पडते, भिंतीकडे वळायला भिंत नाही. लग्न होऊन इतके दिवस झाल्यावर सासऱ्याचं तोंड मी पहिल्यांदा तिथं पाहिलं, भर उन्हात, सगळ्या गावासमोर. गाल आत गेलेले. भुवया पांढऱ्या, मिश्या मात्र अजून काळ्या. डोळे माझ्या मालकांचे होते, तसेच, जरा तिरपे. त्यांनीही मला पहिल्यांदाच पाहिलं असणार. दोघांनाही कुठं बघावं कळेना. मग मामा माझ्या पायांकडे बघायला लागले आणि हळू आवाजात, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "चल बाळ, चल. पाय उचल. हां, असं."

त्या शब्दांनी माझा ऊर भरून आला वगैरे काही झालं नाही. खरंच नाही. मी फक्त पाय उचलला. वर गेले, पाटी ओतली, उतरले. परत चढायला लागले की परत तेच. "चल बाळ, चल." ऊन चढत जायचं, खडकातून वाफा निघायच्या, डोळ्यांपुढे काळं यायचं, आणि त्या काळ्यात वरून आवाज यायचा. मी त्या आवाजामागून चढायची. माझ्यामागून सखूबाई चढायची, तिच्यामागून आणखी कोणी. एकदा सखूबाई रिकामी पाटी घेऊन उतरताना मला म्हणाली, "तुझ्या सासऱ्यानं आपल्याला बैलच केलंय की गं!" मी म्हटलं, "करू दे. निदान चढतोय तरी." संध्याकाळी सरकारकडून खायला सुकडी वाटायचे. पिवळसर, गोड, भरडीचा वास येणारी. मामा आपल्यातली अर्धी माझ्या पाटीत टाकायचे आणि खाकरून पुढे चालायला लागायचे. घरी आलो की मी परत पदर ओढायची आणि ते परत फक्त पाय व्हायचे. बांधावरचं तोंड बांधावरच राहायचं. असा तो उन्हाळा गेला. मामा त्यात एक दिवस बसले नाहीत.

पुढे पाऊस झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना तो आठवतो ते मला दारात गाठून सांगतात. मला आठवतं ते त्याच्या पुढचं. विहीर खोल केली, तिला पाणी लागलं. पुढच्या सालात वीज आली, मालकांनी मोटर बसवली. बटण दाबलं की पाटात पाणी. सगळं गाव बघायला आलं होतं. चाँदभाईंनी पाण्यात हात बुडवून पाहिला आणि म्हणाले, "बाबूराव, पोचलं बरं का पानी!" मामा हसले. त्यांचं हसणं मी पदराआडून ऐकलं.

मग मालकांनी धाव मोडली. तेवढ्या जागेत उसाच्या आणखी सऱ्या निघाल्या. बैलजोडी परत घेतली नाही, नांगराला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. आंब्याखाली नवी बाज टाकली, तिच्यावर गोधडी, शेजारी पाण्याचा तांब्या, पानाची चंची. मालकांनी मामांना हाताला धरून तिथं नेलं. "आबा, लई वढलं तुमी जल्मभर. आता बसून खायचं. काडी हालवायची न्हाई." मालकांचे डोळे पाण्याने भरले होते. तलावाच्या बांधावर बाप रिकामा कासरा घेऊन उलटा चालतोय आणि गाव हसतंय, ते त्यांनी खाली मान घालून पाहिलं होतं. ते त्यांना पुसून टाकायचं होतं. गावात वाहवा झाली. ल्योक असावा तर असा. ज्याच्या बापाला म्हातारपणी बसून खायला मिळतं त्याच्यासारखा भाग्यवान नाही, असंच आमच्याकडे सगळे मानतात. मीही मानत होते, त्या उन्हाळ्यापर्यंत.

मी मालकांना एकदा म्हटलं, "मामांना बसवू नका हो. चाँदभाईबी म्हणत हुते. पाटावर पाणी धरू द्या, भाकरी घेऊन मळ्यात येऊ द्या, कायतरी करू द्या." मालक माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "माझ्या बापाला कामाला लावू व्हय? तू सून हायेस का कोन हायेस?" रागाने नाही, दुखावून म्हणाले. मी तरी भाकरी न्यायची विसरायला लागले, मुद्दाम, म्हणजे मामांना ती मळ्यात आणावी लागेल. दोन वेळा आणली. तिसऱ्या वेळी मालकांनी भाकरी आणायला गडी ठेवला.

एक दिवस मी ऊस खुरपत होते. करकर आवाज आला. मामा सरीच्या कडेला उभे होते. हातात तो कासरा. पाय आता बारीक झाले होते, पोटरीवरचं मांस लोंबत होतं. त्यांनी उसाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, परत उसाकडे. खाकरले नाहीत. मला पदर ओढायचं भानही राहिलं नाही. म्हणाले, "सूनबाई, धाव कुठं गेली गं?"

"मोडली मामा. तिथं ऊस लावलाय."

"आसं व्हय. चांगलं केलं. ऊस बरा आलाय." मग कासरा माझ्यापुढे धरला. "ह्यो घे. कापडं वाळत घालायला हुईल."

मी घेतला. ते वळले आणि चालत गेले. सरळ चालत गेले, आणि बाजेवर बसले. शिमग्यापर्यंत बसले. आजारी नव्हते. ताप नाही, खोकला नाही. दुष्काळाने त्यांना बसवलं नव्हतं, घरात पाणी आल्यावर ते बसले. चाँदभाई मातीला आले, शेवटपर्यंत काठीवर उभे राहिले, आणि जाताना मालकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई सुखात ठेवलं तू बापाला." मालक ढसाढसा रडले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं नाही. बायकांनी ते पाहिलं आणि त्या काय म्हणाल्या असतील ते म्हणाल्या असतील. मी त्या कासऱ्यावर मामांचं धोतर वाळत घातलं. पुढे कितीतरी वर्षं त्याच्यावर कपडे वाळत होते. त्याच्यावर माझ्या मुलाची दुपटी वाळली. मग तो कुजला आणि एक दिवस तुटला.

हे सगळं आता डोक्यात यायचं कारण खुर्ची. मुलाने मागच्या आठवड्यात माझ्यासाठी एक मोठी गुबगुबीत खुर्ची आणली. बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय आपोआप वर उचलले जातात. मुलाने मला हाताला धरून तिच्यात बसवलं, बटण दाबलं, आणि म्हणाला, "आई, खूप केलंस तू आयुष्यभर. आता फक्त आराम." त्याचे डोळे भरले होते. डोळे त्याच्या बापाचे, जरा तिरपे. माझे पाय माझ्याशिवाय वर गेले. मी म्हटलं, "ही परत कर." तो दुखावला. म्हणाला, "लोक आईवडिलांना विचारत नाहीत, आणि तू..." खुर्ची अजून बैठकीत आहे. तिच्यावर सध्या मांजर झोपते. मुलगा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. त्याची चूक आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याला बसवायचं, एवढंच आमच्या घरातल्या माणसांना येतं.

मी आपली सकाळी बूट घालून खाली जाते. तळघरात गाड्या लावायची जागा आहे, तिथून वर यायला सिमेंटचा रुंद उतार केलेला आहे. त्या उतारावर मी चालते. उतरताना सरळ, आणि चढताना उलटी. पहिल्यांदा कधी उलटी वळले ते माझं मलाच कळलं नाही. वॉचमन धावत आला होता, "आजी, पडाल!" म्हणत. मी म्हटलं, "नाही पडायची. तुझं काम चालू दे." तो लांबून बघत राहिला. आता तो बघतही नाही.

आज लाइट नव्हती. उन्हाळ्यात इथं आठवड्यातून असं होतंच. वर पाणी चढलं नाही, म्हणून बिल्डिंगमधल्या बायका-पुरुष तळघरातल्या टाकीवरून बादल्या भरून नेत होते. मी खाली जाऊन परत वर निघाले, पाठमोरी. तेवढ्यात समोरून माझी सून आली. मनीषा. दोन्ही हातांत दोन भरलेल्या बादल्या, केस कपाळावर आलेले, ते बाजूला करायला हात नाही. रोज बँकेत जाते, संध्याकाळी येते, पोळ्या करते, हसून बोलते. तिचं तोंड असं समोरून, थांबून, मी कधी पाहिलं होतं? डोळ्यांखाली काळं आलेलं आहे. ओठ घट्ट मिटलेले. मला पाहून ती हसायला गेली आणि हसू आलं नाही. ती चढत होती आणि मी तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, मागे मागे जात होते. दोघींनाही कुठं बघावं कळेना. मी तिच्या पायांकडे पाहिलं.

"चल बाळ, चल," मी म्हटलं.

आवाज माझाच होता. पण तो ऐकला आणि माझं नाक भरून आलं, डोळ्यांतून पाणी खाली ओघळायला लागलं. इतक्या वर्षांनी! आणि तेही भर सकाळी, वॉचमनच्या समोर, पांढरे बूट घालून. ते पुसायलाही मी थांबले नाही. थांबले असते तर ती थांबली असती.

"आई, काय झालं? काय म्हणालात?" बादल्या हिंदकळल्या.

"काही नाही," मी म्हटलं. "पाय उचल. हां, असं."